कोडने केलेल्या वेब नकाशाला स्वतःचं रूप कसं द्यायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युनेस्कोने ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्या बारा किल्ल्यांचा वेब नकाशा मी करायला घेतला. किल्ले नकाशावर टाकायला एक संध्याकाळ पुरली, पण तो नकाशा मराठी माणसाला नीट वाचता यावा यासाठी पुढचे कितीतरी आठवडे गेले. त्या काळात मला पडलेले आणि नंतर स्वतःचे नकाशे करणाऱ्यांनी मला विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

एक सूचना आधीच देतो. आज्ञांची आणि गुणधर्मांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची. लीफलेटबद्दलचं सगळं १.९ या मालिकेला धरून आहे.

लीफलेट, फोलियम की मॅपलिब्र? सुरुवात कशाने करू?

लीफलेट ही जावास्क्रिप्टची छोटी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. कीव्हच्या वोलोदिमिर अगाफोंकिन यांनी ती २०११ मध्ये प्रसिद्ध केली. फोलियम हा तिचा पायथनमधला दरवाजा आहे. तुम्ही पायथन लिहिता, फोलियम त्याची एचटीएमएल फाइल करून देतं, आणि त्या फाइलमध्ये शेवटी लीफलेटच चालत असतं. हे एकदा लक्षात आलं की फोलियमचे निम्मे प्रश्न सुटतात, कारण लीफलेटच्या सीएसएसबद्दल (वेब पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांबद्दल) जे जे खरं आहे ते सगळं फोलियमच्या फाइललाही लागू पडतं.

मॅपलिब्रचं कूळ वेगळं. मॅपबॉक्सने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या नकाशा-लायब्ररीचा मुक्त परवाना बदलला, तेव्हा आधीच्या मुक्त आवृत्तीवरून मॅपलिब्र उभं राहिलं. यात पार्श्वभूमी तयार चित्रांची नसते. रस्ते, नद्या, नावं यांची कच्ची माहिती ब्राउझरकडे येते आणि तो नकाशा जागेवरच रंगवतो. यालाच व्हेक्टर नकाशा म्हणतात. त्यामुळे प्रत्येक रस्त्याचा रंगसुद्धा तुमच्या हातात असतो.

काही डझन ठिकाणं किंवा जिल्हे दाखवायचे असतील आणि नावं मराठीत हवी असतील, तर लीफलेट घ्या. आकडेवारी आधीच पायथनमध्ये असेल तर फोलियम घ्या. मॅपलिब्रकडे का वळू नये याचं मराठीपुरतं एक मोठं कारण आहे, ते खाली नावांच्या प्रश्नात येईल.

कोडमध्ये चूक दिसत नाही, पण नकाशाच्या जागी काहीच नाही. का?

ज्या डिव्हमध्ये (वेब पानावरच्या चौकटीत) नकाशा बसवला त्याला उंची दिलेली नाही. लीफलेट स्वतः उंची ठरवत नाही. सीएसएसमध्ये ४०० पिक्सेल किंवा पडद्याच्या उंचीचा काही भाग अशी स्पष्ट उंची द्या.

नकाशा दिसतो पण अर्धाच, बाकी राखाडी, असं असेल तर तो बहुधा बंद टॅबमध्ये किंवा मिटलेल्या चौकटीत तयार झाला आहे. तिथे त्याला आपली खरी मापं कळलेली नसतात. टॅब उघडल्यावर इनव्हॅलिडेटसाइज ही आज्ञा चालवा. टाइलच्या, म्हणजे पार्श्वभूमी ज्यांची बनते त्या चौकोनी चित्रांच्या, मधे पांढऱ्या रेघा येत असतील तर तुमच्या संकेतस्थळाच्या थीमने सगळ्या चित्रांना किनार, सावली किंवा आतली जागा दिलेली आहे. नकाशातल्या चित्रांपुरता तो नियम रद्द करा.

माझं पुणे बर्फाच्या समुद्रात का गेलं?

लीफलेट आधी अक्षांश मागतं, मग रेखांश. जिओजेसन फाइलमध्ये (ठिकाणं आणि सीमा साठवण्याच्या प्रचलित प्रकारात) क्रम उलटा असतो, आधी रेखांश. पुणे साधारण १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व. आकड्यांची अदलाबदल झाली की ते नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या थोडं दक्षिणेला जाऊन पडतं. तुमचे सगळे बिंदू तिकडे दिसले तर दुसरं काही शोधत बसू नका.

पार्श्वभूमीचा नकाशा इतका भडक आहे की माझे बिंदू दिसतच नाहीत. काय करू?

ओपनस्ट्रीटमॅपचा नेहमीचा नकाशा माहिती नोंदवणाऱ्यांना उपयोगी पडावा म्हणून सगळंच दाखवतो: पिवळे महामार्ग, हिरवी जंगलं, दुकानं, बसथांबे. तो स्वतःच एक पूर्ण नकाशा आहे. त्यावर आपली माहिती ठेवायची म्हणजे आधीच भरलेल्या पाटीवर लिहायचं.

पहिला मार्ग: मुळातच शांत पार्श्वभूमी निवडा. कार्टोची पॉझिट्रॉन ही फिकट राखाडी आणि डार्क मॅटर ही काळी. दोन्ही यासाठीच केलेल्या आहेत आणि फोलियममध्ये नुसत्या नावाने मागवता येतात. जुन्या ऑनलाइन धड्यांत स्टेमेन या कंपनीच्या टोनर, टेरेन, वॉटरकलर या टाइल भेटतात. त्या ऑक्टोबर २०२३ पासून स्टेडिया मॅप्सकडे गेल्या आणि जुने पत्ते बंद झाले. जुना कोड उतरवून घेतला आणि पार्श्वभूमी कोरी आली, तर कारण हेच.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: आहे त्याच टाइलना सीएसएसचा फिल्टर लावायचा. लीफलेट प्रत्येक प्रकारचा थर वेगळ्या ‘पेन’मध्ये, म्हणजे वेगळ्या पातळीवर ठेवतं. टाइल ज्या पेनमध्ये असतात त्या लीफलेट-टाइल-पेन या क्लासला ग्रेस्केल ०.८ आणि अपारदर्शकता ०.६ दिली की तोच भडक नकाशा मागे सरकतो. रात्रीचं रूप हवं असेल तर इन्व्हर्ट १ आणि त्यापाठोपाठ ह्यू-रोटेट १८० अंश. रंग उलटतात, पण पाणी निळसर आणि झाडी हिरवट राहते. हा फिल्टर पूर्ण नकाशाच्या डिव्हला मात्र लावू नका. तसं केलं की तुमच्या खुणा आणि पॉपअपसुद्धा उलट्या रंगात येतात.

किल्ल्यांच्या नकाशात मी डोंगरांची पुसट छाया मुद्दाम ठेवली. साल्हेर किंवा राजगड तिथेच का बांधला, हे सपाट राखाडी कागदावर कळत नाही. छाया अगदी हलकी, पण असायलाच हवी होती.

ती निळी टोचणी बदलून स्वतःची खूण कशी ठेवायची?

तीन रस्ते आहेत. साधा गोल पुरत असेल तर सर्कलमार्कर घ्या. तो कितीही झूम केलं तरी तेवढ्याच पिक्सेलचा राहतो. नुसतं सर्कल घेतलंत तर त्याची त्रिज्या मीटरमध्ये असते आणि झूमप्रमाणे तो फुगतो किंवा आक्रसतो. ही गफलत फार जणांची होते. स्वतःचं चित्र असेल तर आयकॉन. आणि खरी मोकळीक हवी असेल तर डिव्हआयकॉन, ज्यात तुम्ही कुठलंही एचटीएमएल किंवा एसव्हीजी (कोडने काढलेलं चित्र) ठेवू शकता.

डिव्हआयकॉन वापरताना तीन खाचखळगे आहेत.

पहिला: काहीच सांगितलं नाही तर त्याला लीफलेटचा स्वतःचा क्लास लागतो आणि तुमच्या चित्रामागे एक पांढरा चौकोन येतो. क्लासनेममध्ये स्वतःचं नाव द्या, तो जातो.

दुसरा: आयकॉनअँकर. चित्रातला कोणता बिंदू जमिनीवर टेकतो हे सांगावं लागतं. टोचणीच्या आकाराची खूण असेल तर टोक खाली मध्यभागी असतं, पण लीफलेट चित्राचा मध्य धरून चालतं. मग झूम कमी केलं की खूण सरकल्यासारखी वाटते. झूम ६ वर महाराष्ट्राच्या अक्षांशावर एक पिक्सेल म्हणजे सुमारे २.३ किलोमीटर. २० पिक्सेलची चूक झाली की जवळपास ४६ किलोमीटरचा फरक पडतो, आणि खांदेरीसारख्या बेटावरच्या किल्ल्याची खूण भलत्याच जागी बसते.

तिसरा सर्वात फसवा आहे. माउस नेल्यावर खूण मोठी व्हावी म्हणून लोक तिला ट्रान्सफॉर्म-स्केल लावतात आणि खूण एकदम नकाशाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात उडी मारते. लीफलेट खुणेची जागा ट्रान्सफॉर्म वापरूनच ठरवतं. तुम्ही तो गुणधर्म लिहिला की त्याचा पुसला जातो. म्हणून आत आणखी एक डिव्ह ठेवा आणि फिरवणं, मोठं करणं, हलवणं सगळं त्या आतल्या डिव्हवर करा.

रंग आणि आकारांबद्दल माझं मत असं. युनेस्कोच्या नोंदीत या बारा किल्ल्यांचे पाच प्रकार आहेत. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड आणि जिंजी हे डोंगरी. प्रतापगड डोंगरी-वनदुर्ग. पन्हाळा पठारावरचा. विजयदुर्ग किनाऱ्याचा. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग बेटांवरचे. मी आधी पाच आकार आणि पाच रंग केले. बारा बिंदूंसाठी पाच चिन्हांची सूची वाचायची म्हणजे वाचणाऱ्याला शिक्षाच होती. आता दोनच रंग आहेत: जमिनीवरचे आठ तपकिरी आणि पाण्याशी असलेले चार निळे. नेमका प्रकार पॉपअपमध्ये लिहिला आहे. नकाशा उघडल्याबरोबर सह्याद्रीची एक रांग आणि कोकण किनाऱ्याची दुसरी रांग वेगवेगळी उठून दिसते, आणि मला दाखवायचं होतं ते तेवढंच होतं.

फोलियमच्या आयकॉनला माझा रंग दिला तर तो घेत का नाही?

फोलियमचा आयकॉन तयार टोचण्यांच्या ठरावीक संचातून येतो. त्यात लाल, गडद लाल, नारिंगी, हिरवा, निळा, जांभळा अशी मोजकीच नावं चालतात. हेक्समधला (आकडे-अक्षरांच्या संकेतात लिहिलेला) मनाचा रंग टोचणीला लागत नाही, तो फक्त आतल्या चिन्हाला देता येतो. टोचणीच हव्या त्या रंगाची पाहिजे असेल तर फोलियमचा डिव्हआयकॉन वापरा आणि आत स्वतःचं एसव्हीजी लिहा.

किल्ल्यांची नावं नकाशावर कायम दिसावीत, तीही नीट मराठीत. कसं करायचं?

हा माझा सर्वात जिव्हाळ्याचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांब आहे.

लीफलेटमध्ये नाव कायम दाखवायचं तर टूलटिपला (खुणेशेजारच्या छोट्या मजकुराला) पर्मनंट हा पर्याय खरा करायचा. मूळची टूलटिप पांढऱ्या डबीत आणि छोट्या बाणासह येते. बारा डब्या नकाशावर बसल्या की नकाशा पोस्टाच्या पाकिटासारखा दिसतो. स्वतःचा क्लास देऊन पार्श्वभूमी पारदर्शक करा, किनार आणि सावली काढा, बाण काढण्यासाठी त्या क्लासच्या बिफोर या छद्म-घटकाला डिस्प्ले नन द्या. मग अक्षरांना चारही बाजूंनी पांढरी टेक्स्ट-शॅडो द्या, म्हणजे मागे डोंगर असो वा समुद्र, नाव सुटं वाचता येतं.

आता देवनागरीचे नियम. लीफलेटचा मूळ फॉन्ट रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून निवडलेला आहे आणि त्याचं माप १२ पिक्सेलच्या आसपास असतं. देवनागरीत त्या मापाला मात्रा, रफार आणि उकार एकमेकांत मिसळतात. किमान १४ पिक्सेल ठेवा. लाइन-हाइट १.५ च्या खाली आणू नका, नाहीतर दोन ओळींच्या नावात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. लेटर-स्पेसिंग शून्यच ठेवा. रोमन नकाशांत डोंगररांगांची नावं अक्षरं लांबवून लिहिण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडे तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि ‘सह्याद्री’चे सुटे तुकडे होतात. तिरप्या अक्षरांची नक्कलही नको. बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये खरी तिरपी अक्षरं नसतातच, ब्राउझर ती ओढून वाकडी करतो. नद्या वेगळ्या दाखवायच्या तर रंग वेगळा द्या.

फॉन्टमध्ये मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही छोट्या मापाला चांगले टिकतात. नकाशाच्या डिव्हला लँग हा गुणधर्म ‘एमआर’ असा द्यायला विसरू नका. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची रूपं दिलेली असतात, तिथे ‘ल’ आणि ‘श’ आपल्या ओळखीच्या वळणाने येतात, हिंदीच्या नाही. छोटी गोष्ट आहे, पण गावातला म्हातारा माणूस नकाशा बघून ‘हा आपला’ म्हणतो ते अशाच गोष्टींमुळे.

आता मॅपलिब्रचं ते कारण. लीफलेटमधली नावं एचटीएमएल असतात, त्यामुळे जोडाक्षरं जुळवण्याचं काम ब्राउझर करतो आणि तो ते अचूक करतो. मॅपलिब्रसारख्या व्हेक्टर नकाशाचं इंजिन मात्र सर्व्हरकडून एकेका अक्षराचं चित्र मागवून ती शेजारी शेजारी मांडतं. रोमन लिपीला ते पुरतं. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, रफार सुटतो, जोडाक्षरात पाय मोडलेला दिसतो. यावर उपाय शोधणारे लोक आहेत, प्लगइनही आहेत. पण कुठलंही साधन स्वीकारण्याआधी चार नावं छापून बघा: चिपळूण, कर्जत, श्रीवर्धन, त्र्यंबकेश्वर. ही चार बरोबर आली तर बाकीची येतील. नाही आली, तर मॅपलिब्रवर नावं एचटीएमएल मार्कर म्हणून ठेवा.

नावं एकमेकांवर चढतात हा पुढचा त्रास. रायगड आणि राजगड यांच्यात सरळ रेषेत सुमारे २५ किलोमीटर अंतर आहे. झूम ६ वर ते फक्त ११ पिक्सेल होतं. १४ पिक्सेलची दोन नावं तिथे बसणारच नाहीत. लीफलेट आपोआप नावं सरकवत नाही. मी दोन गोष्टी केल्या. रायगडाचं नाव डावीकडे आणि राजगडाचं उजवीकडे टाकलं, त्यासाठी डायरेक्शन हा पर्याय आहे. आणि झूम संपल्याची घटना घडली की नकाशाच्या डिव्हवर त्या पातळीचा क्लास लावला, म्हणजे कोणत्या पातळीला कोणती नावं लपवायची हे सीएसएसमध्ये ठरवता येतं.

पार्श्वभूमीवर छापलेली गावांची नावं मराठी करता येतील का?

तयार चित्रांच्या टाइलमध्ये नाही. नाव त्या चित्राचाच भाग असतं. नावांशिवायच्या टाइल घ्या आणि मोजकी मराठी नावं स्वतः टाका. व्हेक्टर टाइलमध्ये ओपनस्ट्रीटमॅपचा मराठी नावाचा टॅग असेल तर तो आधी आणि नसेल तर मूळ नाव, असा नियम लिहिता येतो. तुमच्या टाइल देणाऱ्याने तो टॅग ठेवला आहे का, ते मात्र आधी तपासा.

पॉपअपसाठी लिहिलेलं सीएसएस लागूच होत नाही. का?

बहुतेक वेळा तुमचं सीएसएस लीफलेटच्या सीएसएसच्या आधी लोड होतं, किंवा त्याचा निवडक (सिलेक्टर, म्हणजे नियम कुणाला लागू ते सांगणारा भाग) लीफलेटच्या निवडकापेक्षा दुबळा पडतो. पॉपअपला क्लासनेम द्या आणि तुमचा क्लास व लीफलेटचा क्लास असे दोन्ही जोडून नियम लिहा. प्रत्येक ओळीला ‘इम्पॉर्टंट’ चिकटवत सुटलात तर दोन महिन्यांनी तुम्हालाच ती फाइल उलगडणार नाही.

रंग बदलताना दोन भाग लक्षात ठेवा: मजकुराची चौकट वेगळी आणि खालचं टोक वेगळं. फक्त चौकट रंगवली तर टोक पांढरंच राहतं. रुंदी सीएसएसमधून बदलू नका. लीफलेट ती मोजून थेट घटकावर लिहितं, कमाल ३०० पिक्सेल. ती मॅक्सविड्थ या पर्यायातून द्या.

फोलियममध्ये हे सीएसएस लिहायचं कुठे?

नकाशाच्या मूळ घटकाकडून हेडर मागायचा आणि त्यात स्टाइलचा तुकडा एलिमेंट म्हणून जोडायचा. फॉन्टची लिंकही तिथेच. नोटबुकमध्ये लिहिलेलं सीएसएस नकाशाला लागत नाही, कारण तिथे नकाशा आयफ्रेममध्ये, म्हणजे पानात बसवलेल्या वेगळ्या पानात असतो, आणि बाहेरचं सीएसएस आयफ्रेमच्या आत जात नाही. पॉपअपमध्ये फोलियमचा आयफ्रेम वापरलात तर तोच नियम पुन्हा लागतो. मी पॉपअपला साधं एचटीएमएलच देतो.

जिल्ह्यांना आकड्यांप्रमाणे रंग दिले, पण सगळा महाराष्ट्र एकाच रंगाचा झाला. चूक कुठे आहे?

चूक टप्प्यांमध्ये आहे. २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्येची घनता घ्या. गडचिरोलीत चौरस किलोमीटरला ७४ माणसं, मुंबई उपनगरात २०,९८०. फोलियमचं कोरोप्लेथ (आकड्यांप्रमाणे भाग रंगवणारं साधन) काही न सांगता सहा समान टप्पे करतं. म्हणजे प्रत्येक टप्पा सुमारे ३,४८४ चा आणि पहिला टप्पा ७४ पासून ३,५५८ पर्यंत. सिंधुदुर्ग १६३, नागपूर ४७०, पुणे ६०३, तेव्हाचं ठाणे १,१५७, सगळे त्याच टप्प्यात. मुंबई शहर १९,६५२ म्हणजे उपनगराबरोबर शेवटच्या टप्प्यात. मधले चार रंग कुणालाच मिळत नाहीत. नकाशा खोटं बोलत नाही, पण काही सांगतही नाही.

बिन्स या पर्यायात स्वतःचे टप्पे द्या: ०, १५०, २५०, ४००, ७००, १२०० आणि २१०००. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा टप्प्यांच्या आत आला पाहिजे, नाहीतर फोलियम चूक दाखवून थांबतं. इथे आणखी एक अडचण उभी राहते: फोलियमची तयार रंगपट्टी सरळ प्रमाणात आखलेली असते, त्यामुळे पहिले सहा आकडे डाव्या टोकाला एकमेकांवर कोसळतात. रंगपट्टी काढून टाका आणि छोट्या चौकोनांची सूची स्वतः एचटीएमएलमध्ये लिहा. मराठीत लिहिता येते हा वेगळा फायदा.

लीफलेटमध्ये थेट काम करत असाल तर गुणधर्मांची नावं सीएसएसपेक्षा वेगळी आहेत हे ध्यानात घ्या. कलर म्हणजे सीमारेषेचा रंग, फिलकलर म्हणजे आतला, वेट म्हणजे जाडी. फिलओपॅसिटी मूळची फक्त ०.२ असते, म्हणून रंग नेहमी धुतल्यासारखे दिसतात. ०.७ ते ०.८ करा. सीमारेषा काळी न ठेवता १ पिक्सेलची पांढरी ठेवा. काळ्या रेषा रंगांपेक्षा मोठ्याने बोलतात.

रंगांचा क्रम स्वतः जुळवण्यापेक्षा सिंथिया ब्रूअर यांनी पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात केलेले कलरब्रूअरचे संच घ्या. फोलियम त्यांची नावं ओळखतं. फिकट पिवळ्यापासून गडद निळ्याकडे जाणारा संच लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्यांनाही वाचता येतो. लाल-हिरवा संच मात्र टाळाच.

काही जिल्हे काळे आले आहेत. का?

फोलियममध्ये ज्याचा आकडा सापडला नाही त्या भागाचा ठरलेला रंग काळा असतो. म्हणजे आकडेवारीतलं नाव आणि सीमांच्या फाइलमधलं नाव जुळलेलं नाही. महाराष्ट्रात याची कारणं पुष्कळ आहेत. २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी यादीत रायगड ‘रायगढ’ आहे, गोंदियाचं स्पेलिंग वेगळं आहे. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण जुन्या फाइली जुन्याच नावांच्या आहेत.

नावांवर जोडणी करूच नका. जनगणनेचे जिल्हा क्रमांक वापरा. महाराष्ट्राचे ४९७ ते ५३१ आहेत. एका बाजूला क्रमांक आकडा म्हणून आणि दुसऱ्या बाजूला मजकूर म्हणून असेल तर डोळ्यांना सारखं दिसूनही जुळणार नाही, तेवढं पाहा.

क्रमांक मोजलेत तर ३५ भरतील. छत्तिसावा पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून निघाला. नव्या सीमांवर २०११ चे आकडे टाकलेत तर पालघर रिकामा राहील आणि ठाण्याला दोघांचा मिळून आकडा लागेल. जुनी आकडेवारी दाखवताना पालघर आणि ठाणे यांच्या सीमा एकत्र करा आणि तसं सूचीखाली लिहा.

लूपमध्ये वेगवेगळे रंग दिले तरी सगळे थर शेवटच्याच रंगाचे का येतात?

स्टाइलफंक्शनमधला लॅम्डा (पायथनमधलं एका ओळीचं बिननावाचं फंक्शन) रंगाचं मूल्य लगेच उचलत नाही. नकाशा तयार होताना तो बघतो, तेव्हा लूप संपलेला असतो. रंग लॅम्डाच्या ठरलेल्या आर्ग्युमेंटमध्ये बांधून द्या.

माउस नेल्यावर जिल्हा उजळावा. फोनवर काय होतं?

उजळवणं सोपं आहे: माउसओव्हरला सेटस्टाइल आणि ब्रिंगटूफ्रंट, माउसआउटला रिसेटस्टाइल. फोलियममध्ये हायलाइटफंक्शन. पण फोनवर माउस नाही, आणि आपले वाचक बहुतेक फोनवरच असतात. जे हॉव्हरवर दिसतं ते टॅप करूनही मिळालं पाहिजे. खूण दिसायला छोटी असली तरी तिच्या भोवतीचा पारदर्शक भाग वाढवून बोट टेकायला ४४ पिक्सेल तरी जागा द्या. माझ्या नकाशाची पहिली आवृत्ती राजगडाच्या वाटेवर, भर उन्हात, फोनवर उघडली तेव्हा फिकट राखाडी नावांतलं एकही वाचता येत नव्हतं. घरी आल्यावर सगळी नावं गडद केली. तेव्हापासून प्रत्येक नकाशा उन्हात जाऊन बघतो.

बारावा किल्ला इतका लांब आहे की बाकीचे कोपऱ्यात गोळा होतात. काय करावं?

साल्हेरपासून जिंजीपर्यंत आठ अंशांहून जास्त अक्षांश जातात. सगळे बसवायचे तर फोनवर झूम ६ वर यावं लागतं. मी मुख्य नकाशा अकरा किल्ल्यांवर बसवला आणि कोपऱ्यात जिंजीचा दुसरा छोटा लीफलेट नकाशा ठेवला. त्याचं ओढणं आणि झूम बंद केलं, किनार दिली, नाव लिहिलं. जिंजीला तळटीप करून टाकणं मला पटलं नसतं. राजाराम महाराजांनी तिथून राज्य चालवलं आहे.

हजारो बिंदू टाकल्यावर नकाशा अडखळतो. उपाय?

प्रिफरकॅनव्हस खरं करा, म्हणजे गोल आणि रेषा एकाच कॅनव्हसवर रंगवल्या जातात. पण मग त्या आकारांना सीएसएस लागत नाही, क्लासनेमही नाही. रूप फक्त लीफलेटच्या पर्यायांतूनच द्यावं लागतं. डिव्हआयकॉन कॅनव्हसवर जात नाहीत, त्यांच्यासाठी जवळच्या खुणा एकत्र गोळा करून दाखवणारं मार्करक्लस्टर वापरा.

भारताची सीमा चुकीची दिसते. त्याने काही होतं का?

होतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमानुसार गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. ओपनस्ट्रीटमॅप प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे सीमा दाखवतो, त्यामुळे उत्तरेची सीमा जुळत नाही. आपला विषय महाराष्ट्रापुरता असेल तर मॅक्सबाउंड्स आणि किमान झूम ठरवून नकाशा तेवढ्यातच रोखा. पूर्ण देश दाखवायचाच असेल तर टाइल काढा आणि कोऱ्या पार्श्वभूमीवर सर्व्हे ऑफ इंडियाची सीमा स्वतः आखा.

कोपऱ्यातली श्रेयाची ओळ दिसायला वाईट दिसते. लपवू का?

‘लीफलेट’ हा शब्द सेटप्रीफिक्सने काढता येतो, लायब्ररीची त्याला हरकत नाही. मी तरीही ठेवतो. ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय मात्र काढता येत नाही. २०१२ पासून लागू असलेल्या परवान्याची ती अट आहे. ओळीची पार्श्वभूमी अर्धपारदर्शक करा, अक्षरं ११ पिक्सेलची करा, दुवा तसाच ठेवून मजकूर मराठीत लिहा: ‘नकाशाची माहिती: ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते’. फोनवर ती दोन ओळींत मोडत असेल तर तुमची रंगसूची थोडी वर सरकवा, श्रेयाची ओळ तिच्याखाली झाकली जाऊ देऊ नका.